फौजेतून घरी पाठवलं, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाबाहेरच्या बाकावर विचारले जातात, लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात घेऊन विचारले जातात आणि रात्री उशिरा फोनवरही येतात. विचारणारा बऱ्याचदा जवान स्वतः नसतो. भाऊ असतो, सासरे असतात, बायको असते. उत्तरं आर्मीतल्या जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) धरून लिहिली आहेत. अफसरांची तऱ्हा वेगळी, ती इथे घेतलेली नाही.

मला युनिटने घरी पाठवलं. केस लढता येते का?

आधी हे सांगा, नक्की कशाखाली घरी आलात? "काढून टाकलं", "नाव कापलं" ही गावची भाषा झाली. कायद्यात त्याचे निदान चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा पुढचा रस्ता वेगळा आहे.

डिसमिसल म्हणजे बडतर्फी. ती कोर्ट मार्शलची शिक्षा म्हणून होते किंवा आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २० खाली प्रशासकीय हुकमाने. या कलमाखाली जवानाला किंवा एनसीओला ब्रिगेड कमांडरच्या अधिकाराचा अफसर डिसमिस करू शकतो. जेसीओला असं काढायचं तर कागद लष्करप्रमुखांपर्यंत जातो. रिमूव्हल हे त्याच कलमातलं, पण परिणामाने थोडं सौम्य. डिस्चार्ज होतो कलम २२ आणि आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ खाली. कलर सर्व्हिस (भरतीवेळी ठरलेली नोकरी) पूर्ण करून सन्मानाने येणाराही याच नियमाने येतो आणि चार रेड एंट्रीवाला (शिक्षेच्या चार लाल नोंदी असलेला) "अनडिझायरेबल" म्हणून पाठवला जातो तोही याच नियमाने, फक्त पोटकलम वेगळं. चौथा प्रकार मेडिकल बोर्ड होऊन "इनव्हॅलिड आउट" होण्याचा.

पेन्शन, माजी सैनिकाचं ओळखपत्र, पुढची सरकारी नोकरी, सगळं यावर अवलंबून आहे. म्हणून "माझ्यावर अन्याय झाला" या वाक्याने सुरुवात करू नका. ते खरं असेलही, पण ट्रिब्युनलपुढे (फौजेच्या नोकरीचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) पहिला सवाल कलम कोणतं, हुकूम कुणाच्या सहीचा आणि तारीख काय, असाच येतो.

माझ्याकडे तसा कागदच नाही. कुठे बघू?

आर्मी ॲक्टच्या कलम २३ कडे फार कुणाचं लक्ष जात नाही. सेवा संपलेल्या प्रत्येक जवानाला, बडतर्फ झालेल्यालासुद्धा, कमांडिंग ऑफिसरने दाखला द्यायचा असतो. त्यात तीन गोष्टी हव्यात: सेवा कुणाच्या अधिकाराने संपवली, कारण काय, आणि एकूण सेवा किती. हा दाखला इंग्रजीबरोबर जवानाच्या मातृभाषेतही द्यायचा, असं कायदा म्हणतो. म्हणजे सांगलीच्या पोराला मराठीत. प्रत्यक्षात हाती पडतं ते डिस्चार्ज बुक आणि टाइप केलेल्या दोन ओळी, मोव्हमेंट ऑर्डर, रेल्वे वॉरंट. ट्रंक उघडा, पिवळ्या पाकिटातलं सगळं बाहेर काढा. "सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड" किंवा "नियम १३(३)" असं काही दिसलं तर तो डिस्चार्ज आहे. "कलम २०" दिसलं तर डिसमिसल किंवा रिमूव्हल.

काहीच सापडलं नाही तर तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला (जुनं अहमदनगर), महार रेजिमेंटचं सागरला. मागायचे कागद असे: शीट रोल (सेवेची मूळ नोंद), कंडक्ट शीट (शिक्षांची नोंद), शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस आणि तिला दिलेलं तुमचं उत्तर, चौकशीची प्रोसीडिंग, डिस्चार्ज किंवा डिसमिसलचा मूळ हुकूम, सगळे मेडिकल कागद. "माझी संपूर्ण फाइल द्या" असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं.

कोर्ट मार्शल झालं असेल तर प्रोसीडिंगची प्रत मागण्याचा हक्क आर्मी रूल १४७ देतो, पण फाइल नष्ट होईपर्यंतच. ठरावीक वर्षांनी या फायली रीतसर नष्ट केल्या जातात. भाऊबंदकीच्या केसला वीस वर्षं थांबता येतं, याला नाही.

चार रेड एंट्री झाल्या की आपोआप घरी जावं लागतं ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. जवानांचाही, आणि खरं सांगायचं तर काही युनिटांचाही.

आधी रेड एंट्री म्हणजे काय ते बघू. रजा संपून पाच दिवस उशिरा गेलात, ओएसएल (रजेपेक्षा जास्त राहणं) लागला. किंवा दारू पिऊन रोल कॉलला सापडलात. सीओसाहेबांसमोर (कमांडिंग ऑफिसर) मार्च-अप, म्हणजे पेशी, होतं, कलम ८० खाली शिक्षा होते. सात दिवस सक्तमजुरी, डिटेन्शन, सिव्हिअर रेप्रिमांड असल्या शिक्षांची नोंद लाल शाईत, किरकोळ शिक्षांची काळ्या. मार्च-अप दोन मिनिटांत आटपतं, पण नियम २२ प्रमाणे त्या खोलीतही जवानाला साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा आणि आपले साक्षीदार बोलवायचा हक्क असतो. तो वापरलेला माणूस विरळाच.

चार लाल नोंदी भरल्या की नियम १३(३) च्या "इतर सर्व प्रकारचे डिस्चार्ज" या सदराखाली प्रस्ताव ब्रिगेडला जातो. पण आर्मी हेडक्वार्टरचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र असं सांगतं की डिस्चार्जची शिफारस करण्याआधी निष्पक्ष चौकशी करा, आणि माणसाची एकूण सेवा किती, प्रत्येक एंट्री कशाबद्दलची, तो किती काळ हार्ड स्टेशनवर खडतर परिस्थितीत राहिला, पेन्शनच्या किती जवळ आला आहे, हे सगळं विचारात घ्या. वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१५ मध्ये नेमकं हेच उचलून धरलं. चार एंट्री हे निमित्त होऊ शकतं, पण तेवढ्यावर डिस्चार्ज होत नाही. चौकशी न करता, या बाबी न तोलता काढलेला हुकूम टिकत नाही. कोर्टाने मागचा पगार दिला नाही. पण पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत ते नोकरीतच होते असं धरायला सांगितलं. आज रेड एंट्रीच्या बहुतेक अर्जांत हा निकाल जोडलेला असतो.

आता दुसरी बाजू, जी अर्ज लिहून देणारे सहसा सांगत नाहीत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सतगुर सिंग यांच्या प्रकरणात डिस्चार्ज कायम ठेवला, कारण माणूस वारंवार विनारजा गैरहजर होता. त्याच निकालात कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की चौकशी म्हणजे रीतसर कोर्ट ऑफ इन्क्वायरीच हवी असं नाही. बाजू मांडायची खरी संधी मिळाली असेल तर तेवढं पुरतं. म्हणून दुबे निकालाची झेरॉक्स जोडली की केस जिंकली, असं समजू नका. तुमच्या एंट्री कशाच्या आहेत ते बघा. चारपैकी तीन सियाचेन किंवा खोऱ्यातून रजेवर आल्यावर उशिरा जाण्याच्या असतील, मधे दहा वर्षं स्वच्छ असतील, शेवटची एंट्री पेन्शनला दीड वर्ष उरलेलं असताना असेल, तर केसला वजन आहे. चारही एका पोस्टिंगमधल्या, वर्षभरातल्या आणि दारूच्या असतील तर वजन कमी.

शो कॉज नोटीस आली होती. "माफ करा, एक संधी द्या" असं उत्तर दिलं. ते आता आड येईल का?

थोडं येतं. हे उत्तर बहुतेकदा जवान लिहीत नाही. कंपनी ऑफिसातला क्लार्क हिंदीत ठरलेला मजकूर देतो, "मुझे एक आखिरी मौका दिया जाए", आणि जवान खाली सही करतो. कागदावर तो कबुलीजबाब ठरतो. तरी सगळं संपलं असं नाही. नोटिशीत नेमके आरोप होते का, उत्तराला किती दिवस दिले, आणि ब्रिगेडच्या हुकमात तुमच्या उत्तराचा विचार केल्याची एक तरी ओळ आहे का, हे तपासा. नोटीस आणि हुकूम यांच्यात चारच दिवसांचं अंतर असेल तर ते ठळकपणे मांडा.

नोटीस आत्ताच आली असेल तर? क्लार्कचा मजकूर बाजूला ठेवा. प्रत्येक एंट्रीमागची परिस्थिती तारखेनिशी लिहा: आईचं ऑपरेशन, शेतीचा वाद, पुरात वाहून गेलेलं घर, जे खरं असेल ते. पुराव्याचे कागद जोडा आणि पोच घ्या.

सीओसाहेबांनी समरी कोर्ट मार्शल केलं, मी गुन्हा कबूल केला. आता काय उरलं?

बरंच उरतं. समरी कोर्ट मार्शलमध्ये आरोप चालवणारा आणि शिक्षा देणारा एकच माणूस असतो, तुमचा कमांडिंग ऑफिसर. म्हणूनच वरची कोर्टं या कारवाईकडे बारकाईने बघतात. सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या विश्वप्रिय सिंग निकालात म्हटलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडीने कारवाई अटळ असेल तेव्हाच वापरायचा. सहा महिने तपास करून मग निवांत समरी भरवलं असेल तर तातडी कसली होती, हा प्रश्न विचारता येतो.

कबुलीबद्दल नियम ११५ आहे. आरोपीला आरोप नीट समजला आहे का, कबुलीचा परिणाम काय हे कळलं आहे का, याची कोर्टाने खात्री करायची आणि कबुली चुकीची वाटली तर ती मागे घ्यायला सांगायची. प्रोसीडिंगच्या प्रतीत त्या पानावर तुमची सही आहे का ते बघा. छापील मजकूर आणि खाली सही नाही, अशा प्रकरणांत अर्जदारांना दिलासा मिळाल्याची उदाहरणं आहेत.

या विषयातला मैलाचा दगड म्हणजे रणजित ठाकूर खटला, १९८७ चा. हा सिग्नलमन वरिष्ठांकडे परस्पर तक्रार पाठवल्याबद्दल २८ दिवसांची सक्तमजुरी भोगत होता. कैदेत असताना त्याने जेवायला नकार दिला. जेवण्याचा हुकूम मोडला म्हणून समरी कोर्ट मार्शल भरलं, एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी झाली. आणि ज्या अफसराविरुद्ध मूळ तक्रार होती, तोच न्याय द्यायला बसला होता! सुप्रीम कोर्टाने पक्षपाताच्या कारणावरून सगळी कारवाई रद्द केली, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने भलतीच जड असल्याचंही सांगितलं आणि त्याला पुन्हा सेवेत घ्यायला लावलं. "शिक्षा प्रमाणाबाहेर आहे" हा मुद्दा आज प्रत्येक अर्जात असतो, तो या निकालामुळे.

रजेवर आलो तो परत गेलोच नाही. गावात भगोडा म्हणतात. काही होऊ शकतं?

अजून नाव कापलेलं नसेल तर पहिलं काम वकील शोधण्याचं नाही, हजर होण्याचं. तीस दिवस गैरहजेरी झाली की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तुम्ही गैरहजर आहात हे नोंदवलं जातं. पोलीस ठाण्याला पत्र जातं. ते पत्र घेऊन हवालदार दारात येतो तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळतं. कोर्ट मार्शलसाठी सर्वसाधारण तीन वर्षांची मर्यादा आहे, पण ती डेझर्शनला लागू नाही, त्यामुळे "तीन वर्षं लपून काढली की सुटलो" हा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. उलट शांत ठिकाणाहून गेलेल्याला साधारण तीन वर्षांनी आणि सक्रिय सेवेतून गेलेल्याला दहा वर्षांनी डिसमिस करायची पद्धत आहे. तेव्हा पेन्शनचा मार्ग जवळपास बंद होतो.

आपल्या सेंटरला, रेकॉर्डला किंवा जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला हजर व्हा. बरोबर कुणीतरी न्या. हजर झाल्याची लेखी नोंद घ्या. उपचार चालू असतील तर सरकारी रुग्णालयाचे कागद घेऊनच जा. आपण होऊन परत आलेला आणि पोलिसांनी उचलून आणलेला, यांच्या शिक्षेत फरक पडतो. कलम ३८ चं डेझर्शन आणि कलम ३९ ची विनारजा गैरहजेरी यांत फरक परत न येण्याच्या इराद्याचा आहे, आणि आपण होऊन परतणं हा त्या इराद्याविरुद्धचा सगळ्यात चांगला पुरावा.

त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून तो युनिट सोडून आला. हे कुणी ऐकतं का?

ऐकतात, पण कागद लागतात. हा प्रश्न बहुतेक वेळा बायको किंवा आई विचारते, आणि माझ्या मते नीट लढली न जाणारी सगळ्यात मोठी केस हीच आहे.

असं होतं: पोस्टिंगवर काहीतरी घडतं, माणूस झोपत नाही, चिडतो, प्यायला लागतो. युनिटला दिसते ती बेशिस्त. एंट्री लागतात, माणूस घरी येतो, घरचे देवऋषाकडे नेतात, मग उशिरा सरकारी रुग्णालयात. तोवर नोकरी गेलेली असते. खरं तर त्याला मानसोपचार वॉर्डात पाठवून, "एस" (मानसिक आरोग्याची) कॅटेगरी ठरवून, मेडिकल बोर्ड करायला हवं होतं. तसं झालं असतं तर तो इनव्हॅलिड आउट झाला असता आणि डिसॅबिलिटी पेन्शनचा प्रश्न आला असता. तो बेशिस्त म्हणून बाहेर पडला, हाच मुद्दा.

म्हणून नोकरीत असतानाचा एक तरी कागद शोधा. एमआय रूमची (युनिटच्या दवाखान्याची) चिठ्ठी, पुण्याच्या कमांड हॉस्पिटलची ॲडमिशन, एखादी "सिक इन क्वार्टर्स"ची नोंद. माहिती अधिकाराच्या अर्जात मेडिकल केस शीट वेगळी मागा. कायद्याचा आधार पक्का आहे. धरमवीर सिंग निकालात (२०१३) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. त्याच वर्षीच्या वीरपाल सिंग निकालात मनोविकाराचा प्रश्न होता. मेडिकल बोर्डाचं मत डोळे झाकून मानता येणार नाही असं म्हणत कोर्टाने पुन्हा बोर्ड करायला लावलं. एक सावधगिरी: डिसॅबिलिटीचे नियम सप्टेंबर २०२३ मध्ये नव्याने आले आहेत. नंतर बाहेर पडलेल्यांनी जुन्या निकालांवर विसंबण्याआधी नवे नियम वकिलाकडून समजून घ्यावेत.

पेन्शन मिळेल का? सरळ सांगा.

डिसमिस झाला असाल तर, नाही. पेन्शन रेग्युलेशन्सप्रमाणे (१९६१ च्या जुन्या नियमांत हा नियम ११३ होता) बडतर्फ माणूस मागच्या सगळ्या सेवेच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीला मुकतो. फट एवढीच की अपवादात्मक प्रकरणात ती मंजूर करता येते, आणि त्यासाठी वेगळा विनंतीअर्ज करावा लागतो. सोळा-सतरा वर्षं नोकरी झाली असेल, शेवटी एकाच प्रकरणात बडतर्फी झाली असेल, तर बडतर्फीला आव्हान देताना हा अर्जही द्या.

डिस्चार्ज झाला असेल, तो "अनडिझायरेबल" म्हणून असला तरी, पेन्शनचा हक्क शाबूत राहतो. अट १५ वर्षांच्या पात्र सेवेची. इथे घोळ होतो. भरती आणि डिस्चार्जच्या तारखा वजा करून १५ वर्षं दोन महिने निघतात, पण गैरहजेरीचे आणि कैदेचे दिवस पात्र सेवेतून वजा होतात. हिशेब १४ वर्षं दहा महिन्यांवर येतो. तूट एक वर्षापर्यंतची असेल तर ती माफ करायची तरतूद आहे, पण ती मागावी लागते, आपोआप होत नाही. १५ पेक्षा बऱ्याच कमी सेवेत डिस्चार्ज असेल तर फार तर ग्रॅच्युइटी. एएफपीपी फंडात (सैनिकांचा भविष्यनिर्वाह निधी) तुम्ही भरलेले पैसे तुमचेच, ते बडतर्फीतही जात नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत: वय चाळीसच्या पुढे असेल तर "परत नोकरीत घ्या" या मागणीवर शक्ती घालवू नका. डिसमिसलचं डिस्चार्जमध्ये रूपांतर करा, पेन्शनपात्र सेवा पूर्ण झाल्याचं धरा, ही मागणी धरा. न्यायाधीशांना देता येण्यासारखं मागितलं की मिळण्याची शक्यता वाढते.

दहा-बारा वर्षं होऊन गेली. उशीर झाला का?

झाला, पण किती ते मागणीवर ठरतं. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल ॲक्टच्या कलम २२ प्रमाणे अंतिम हुकमापासून सहा महिन्यांत अर्ज हवा. तुम्ही वर अर्ज केला आणि सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. उशीर माफ करायचा अधिकार ट्रिब्युनलला आहे, कारण पटलं पाहिजे. "गरिबी होती, माहिती नव्हती" एवढंच लिहू नका. मधल्या वर्षांत रेकॉर्ड ऑफिसला पाठवलेली पत्रं, रजिस्टरच्या पावत्या, दवाखान्याचे कागद जोडा.

पेन्शनचं वेगळं आहे. हक्काची पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून तो सतत चालू असलेला अन्याय मानतात. तरसेम सिंग निकालाप्रमाणे (२००८) थकबाकी मात्र साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. बडतर्फीचा हुकूम रद्द करा, ही मागणी या सवलतीत बसत नाही.

अर्ज कुठे करायचा?

आधी लष्करातच: रेकॉर्ड ऑफिसमार्फत वरिष्ठ अधिकाऱ्याला, कोर्ट मार्शल असेल तर कलम १६४ खाली पिटिशन. हा टप्पा गाळला की ट्रिब्युनल विचारतं, आधी तिकडे का गेला नाहीत.

मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. हे २००९ पासून चालू आहे. नोकरी सुटलेल्या माणसाला आपण राहतो त्या भागाच्या बेंचकडे जाता येतं. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी मुंबई. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आपल्या लोकांना कर्नाटकामुळे कोची बेंच लागतं, हे आधीच ध्यानात घ्या. मुंबईत अर्ज देऊन परत आलेले आहेत. ट्रिब्युनलच्या निकालाविरुद्ध रिट घेऊन हायकोर्टात जाता येतं, हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

नवरा वारला. मी अर्ज करू शकते का?

होय वहिनी, करू शकता. वारसांना आणि अवलंबून असलेल्यांना मृत जवानाच्या सेवेबद्दल ट्रिब्युनलमध्ये जाता येतं, कायद्याच्या कलम २ मध्येच तसं आहे. मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद आणि शीट रोलवर तुमचं नाव आहे का, हे आधी बघा. पार्ट टू ऑर्डर (लग्नासारख्या बदलांची युनिटची अधिकृत नोंद) झालेली नसल्याने नाव नसणं, ही नेहमीची अडचण. तीही त्याच अर्जात मांडता येते.

माजी सैनिकाचं ओळखपत्र, आरक्षण, घरपट्टीची सवलत?

माजी सैनिकाच्या सरकारी व्याख्येत गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेमुळे बडतर्फ किंवा डिस्चार्ज झालेला बसत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या हातात हे नाही, तिथल्या बाबूंशी भांडून उपयोग नाही. हुकूम बदलला की ओळखपत्र, बाकी सगळं त्यामागून.

नेव्ही, एअर फोर्सला हेच लागू का?

चौकट तीच, कायदे वेगळे. नेव्हीत "एसएनएलआर" (सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड), एअर फोर्समध्ये सवयीचा गुन्हेगार म्हणून डिस्चार्ज. ट्रिब्युनल तेच. मुंबईपुरता एक इतिहास जोडतो: फेब्रुवारी १९४६ मध्ये "तलवार" या नौदल तळावरून सुरू झालेल्या उठावातल्या शेकडो खलाशांना नोकरीतून काढलं गेलं होतं. पुढे त्या उठावाला स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून मान्यता मिळाली आणि स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या यादीत तो आला. ते काम सरकारी निर्णयाने झालं, कोर्टाने नाही.

इंटरनेटवर "डिस्चार्ज अपग्रेड"बद्दल वाचलं. ते आपल्याकडे आहे का?

नाही, ती अमेरिकेची व्यवस्था. तिथे डिस्चार्जवरच शेरा असतो: ऑनरेबल, जनरल, अदर दॅन ऑनरेबल, बॅड कंडक्ट, डिसऑनरेबल. तो शेरा सुधारून घ्यायला वेगळी मंडळं आहेत. डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे पंधरा वर्षांच्या आत फॉर्म २९३, त्यानंतर किंवा जनरल कोर्ट मार्शलचं प्रकरण असेल तर रेकॉर्ड दुरुस्ती मंडळाकडे फॉर्म १४९. युद्धातल्या मानसिक आघाताचा विचार उदारपणे करा, असा आदेश त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी २०१४ मध्ये काढला. आपल्याकडे असा एक ओळीचा आदेश नाही, याची खंत वाटते.

आपली काही मुलं तिकडच्या सैन्यात भरती होऊन नागरिक झाली आहेत. त्यांच्या आईवडिलांसाठी एवढंच: सेवेच्या आधारावर मिळालेलं नागरिकत्व, पाच वर्षं सन्माननीय सेवा पूर्ण होण्याआधी वाईट शेऱ्याने बाहेर पडल्यास रद्द होऊ शकतं. तिथल्या वकिलाला ताबडतोब गाठायला सांगा.

वकील कसा निवडू? एजंट तीस टक्के मागतो.

थकबाकीत टक्का मागणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा. वकिलाने टक्केवारीवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही. ट्रिब्युनलमध्ये नियमित उभा राहणारा वकील हवा. तालुक्याचा फौजदारी वकील कितीही हुशार असला तरी पेन्शन रेग्युलेशन्स त्याला नव्याने वाचावे लागतील. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. "दिल्लीत आपला माणूस आहे" असं म्हणणाऱ्याचा दिल्लीत सहसा कुणी नसतो.

निकाल आपल्या बाजूने लागला, पण पैसे येत नाहीत.

हे नेहमीचं. ट्रिब्युनल मुदत घालून देतं, तेवढ्यात सरकार अपिलाचा विचार करतं, फाइल फिरत राहते. निकालाची प्रमाणित प्रत स्वतः रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टरने पाठवा, कुणी पाठवेल म्हणून थांबू नका. मुदत उलटली की त्याच बेंचकडे अंमलबजावणीचा अर्ज करा. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा हुकूम) प्रयागराजच्या पीसीडीएकडून (संरक्षण खात्याचं पेन्शन लेखा कार्यालय) निघतो आणि पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर दिसतो. त्यासाठी आधार, पॅन, बँक खातं आणि शीट रोलवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. शीट रोलवर "पाटील संभाजी" आणि आधारवर "संभाजी बापू पाटील" असेल तर ती दुरुस्ती निकाल लागायच्या आधीच करून ठेवा.